बापाला पोराची चित्रकला खटकायची, त्याच पोरानं मेंदूची चित्रं काढून नोबेल मिळवलं

गरम तव्याला चुकून बोट लागतं. हात झटकन मागे येतो आणि मग कळतं की चटका बसलाय. म्हणजे हात आधी हलतो, दुखणं नंतर जाणवतं.

असं का होतं? तर बोटातून निघालेला निरोप मेंदूपर्यंत पोहोचायच्या आधीच पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत त्याचा निकाल लागतो. मज्जारज्जू हाताच्या स्नायूंना थेट हुकूम सोडतो. मेंदूला बातमी मागाहून कळते.

मेंदू, मज्जारज्जू आणि अंगभर पसरलेले मज्जातंतू मिळून मज्जासंस्था होते, हे शाळेच्या पुस्तकात असतं. ती न्यूरॉन नावाच्या पेशींची बनलेली असते, हेही असतं. माणसाच्या एकट्या मेंदूत अशा साधारण ८६ अब्ज पेशी आहेत.

पण दीडशे वर्षांपूर्वी जगातल्या भल्याभल्या डॉक्टरांना एक साधा प्रश्न सुटत नव्हता. हे सगळं एकच अखंड जाळं आहे, की सुट्या सुट्या पेशी एकमेकींना खेटून बसल्या आहेत?

याचं पक्कं उत्तर बर्लिन, पॅरिस किंवा लंडनमधून आलं नाही. ते आलं स्पेनमधून. त्या काळी विज्ञानाच्या बाबतीत स्पेनला कुणी मोजतही नव्हतं. आणि ते शोधणारा माणूस लहानपणी शाळेत नापास होणारा, जेलची हवा खाऊन आलेला आणि चित्रकार व्हायचं स्वप्न पाहणारा होता.

त्याचं नाव सांतियागो रामोन इ काहाल. रामोन हे वडिलांकडचं आडनाव, काहाल आईकडचं. जग त्याला आईच्या आडनावानंच ओळखतं.

तोफ उडवली आणि थेट तुरुंगात

१ मे १८५२ रोजी उत्तर स्पेनमधल्या पेतिया दे अरागोन या डोंगरातल्या खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील हुस्तो रामोन गरीब शेतकरी घरातले. न्हाव्याच्या हाताखाली उमेदवारी करत करत ते शस्त्रक्रिया शिकले, पुढे रीतसर डॉक्टर झाले. त्या काळी युरोपात छोट्यामोठ्या शस्त्रक्रिया न्हावीच करायचे.

एवढ्या कष्टानं वर आलेल्या माणसाला पोरानंही डॉक्टरच व्हावं असं वाटणं साहजिक होतं. पण पोराचं लक्ष चित्रांत. कागद मिळाला तर कागद, नाही तर भिंत. वडिलांच्या लेखी हे रिकामटेकड्यांचं काम.

शेवटी वडिलांनी एक निवाडा करून घ्यायचं ठरवलं. गावातल्या चर्चच्या भिंती रंगवायला एक कारागीर आला होता. त्याला पोराचं चित्र दाखवलं. त्यानं सरळ सांगून टाकलं की यात काही दम नाही, या पोराच्या अंगात कलाच नाही. वडिलांना हवं तेच उत्तर मिळालं. चित्रकलेचा विषय घरात संपला.

पोराच्या डोक्यातून मात्र तो संपला नाही. उलट तो जास्तच वांड झाला. वयाच्या अकराव्या वर्षी त्यानं लाकडी ओंडक्याची तोफ बनवली, त्यात दगड आणि दारू ठासली आणि शेजाऱ्याचं फाटक फोडून टाकलं. त्यासाठी त्याला काही दिवस कोठडीत काढावे लागले. वडिलांनीही त्याला सोडवायची घाई केली नाही.

हाका गावच्या शाळेत पाठांतर आणि मार एवढंच होतं. तिथून काढून दुसऱ्या शाळेत घातलं. तरी अभ्यास नाही. मग वडिलांनी त्याला आधी न्हाव्याकडे आणि नंतर चांभाराकडे कामाला ठेवलं. गंमत म्हणजे चपला-बुटांच्या कामात त्याचा हात चांगलाच बसला. बारीक काम करायला त्याला आवडायचं.

स्मशानातली शाळा

१८६८ च्या उन्हाळ्यात गाडी वळणावर आली. वडिलांनी वेगळाच मार्ग काढला. ते पोराला घेऊन जुन्या दफनभूमीत गेले. तिथे उघड्यावर आलेली माणसांची हाडं गोळा केली आणि घरी आणून शरीरशास्त्र शिकवायला सुरुवात केली.

हाड हातात घ्यायचं, फिरवून फिरवून पाहायचं आणि त्याचं चित्र काढायचं. पहिल्यांदाच बापाच्या शिकवण्यात आणि पोराच्या आवडीत काहीतरी सामाईक निघालं. ज्या पोराला पुस्तकातलं एक पान पाठ होत नव्हतं, त्याला प्रत्येक हाडावरची खाच न् खाच तोंडपाठ झाली. कारण त्यानं ती काढलेली होती.

पुढे सारागोसाच्या मेडिकल कॉलेजात वडील शरीरशास्त्र शिकवायला लागले आणि पोरगा तिथेच शिकायला. त्यानं काढलेली शरीराच्या भागांची रंगीत चित्रं पाहून वडील इतके खूश झाले की त्यांचं पुस्तक छापायचं मनावर घेतलं. तशी छपाई तेव्हा सारागोसात होत नव्हती, म्हणून ते राहून गेलं. पण चित्रकलेवरून सुरू झालेलं बापलेकांचं भांडण चित्रकलेनंच मिटवलं होतं.

१८७३ मध्ये तो डॉक्टर झाला. लगेच सैन्यात भरतीचा हुकूम आला. त्याला लष्करी डॉक्टर म्हणून क्यूबात पाठवलं, तेव्हा ती स्पेनची वसाहत होती. दलदलीच्या भागातल्या दवाखान्यात त्याला मलेरिया झाला, वर जुलाबाचा आजार. १८७५ मध्ये हाडाचा सापळा होऊन तो परत आला. दोन-तीन वर्षांत टीबीनं गाठलं. तोंडातून रक्त पडायला लागलं. पण त्यातूनही तो उठला.

दरम्यान डॉक्टरेटच्या परीक्षेसाठी तो माद्रिदला गेला होता. तिथे त्याला मायक्रोस्कोपखालचं जग पाहायला मिळालं. परत येताच त्यानं हप्त्यांवर एक मायक्रोस्कोप घेतला आणि घरीच प्रयोगशाळा थाटली.

१८७९ मध्ये त्याचं सिल्वेरिया हिच्याशी लग्न झालं. पुढे त्यांना सात मुलं झाली. प्राध्यापकाच्या पगारात एवढा संसार आणि नवऱ्याचा हा महागडा नाद, दोन्ही तिनं सांभाळलं.

१८८५ मध्ये तो वालेंसियात प्राध्यापक असताना तिथे कॉलऱ्याची साथ आली. त्यानं केलेल्या अभ्यासावर खूश होऊन सारागोसाच्या प्रांतिक सरकारनं त्याला जर्मनीच्या झाइस कंपनीचा उत्तम मायक्रोस्कोप भेट दिला. गड्याला हवं ते हत्यार मिळालं.

कोडं नेमकं काय होतं?

मेंदूचा पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली ठेवला तर काय दिसेल? जवळपास काहीच नाही. पेशी पारदर्शक असतात आणि एकमेकींत भयानक गुंतलेल्या असतात. त्यांना रंग दिला तर सगळंच रंगतं आणि नुसता गिचमिड डाग दिसतो. कुठली फांदी कुठल्या पेशीची, पत्ताच लागत नाही.

१८७३ मध्ये इटलीच्या कामिलो गॉल्जी या डॉक्टरनं यावर एक अफाट युक्ती शोधली. तो तेव्हा एका हॉस्पिटलात नोकरीला होता आणि तिथल्या स्वयंपाकघरातच प्रयोग करायचा. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवला की शंभरातल्या मोजक्याच पेशी काळ्या होतात. पण ज्या होतात त्या पूर्णपणे, अगदी शेवटच्या टोकापर्यंत. पिवळ्या कागदावर काळ्या शाईनं झाड काढावं तशी एकटी पेशी उठून दिसते.

शोध मोठा होता, पण पद्धत लहरी. कधी जमायची, कधी नुसतेच काळे ठिपके. त्यामुळे फारसं कुणी तिच्या वाटेला गेलं नाही.

स्वतः गॉल्जीनं त्या चित्रांत काय पाहिलं? त्याच्या मते पेशींमधून निघालेले तंतू पुढे एकमेकांत विरघळून जातात आणि सगळ्या मेंदूचं एकच सलग जाळं होतं. तेव्हाच्या बहुतेक शास्त्रज्ञांनाही असंच वाटायचं. स्वित्झर्लंडच्या विल्हेल्म हिस आणि ऑगस्ट फोरेल यांनी पेशी सुट्या असाव्यात अशी शंका मांडली होती, पण ती दाखवून देणारं कुणी नव्हतं.

१८८८ : काहालचं वर्ष

१८८७ मध्ये काहाल माद्रिदला गेला असताना लुईस सिमारो या डॉक्टरनं त्याला गॉल्जी पद्धतीनं रंगवलेले काप दाखवले. काहाल बघतच राहिला. पद्धत निघून चौदा वर्षं झाली होती आणि त्यानं ती आत्ता पाहिली होती. त्याच वर्षी त्याची बदली बार्सेलोनाला झाली आणि तिथे तो या कामाला अक्षरशः चिकटला.

आधी त्यानं पद्धतीतला लहरीपणा कमी केला. तुकडा एकदा बुडवून भागत नाही, तर पुन्हा बुडवायचा. काप जरा जाड घ्यायचे.

दुसरी युक्ती जास्त महत्त्वाची होती. मांडवावर कारल्याच्या आणि दोडक्याच्या वेली एकदा पसरल्या की कुठला तणावा कुठल्या वेलीचा हे सांगता येत नाही. त्याच वेली वीतभर असताना पाहिल्या तर प्रत्येकीचं मूळ वेगळं दिसतं. काहालनं मेंदूच्या बाबतीत हेच केलं. मोठ्या प्राण्यांऐवजी त्यानं अंड्यातल्या पिल्लांचे आणि नुकत्याच जन्मलेल्या जिवांचे मेंदू घेतले. त्यांच्यात गुंता कमी असतो. शिवाय पुढे तंतूंवर चरबीचं जे आवरण चढतं तेही अजून चढलेलं नसतं. त्या आवरणामुळेच रंग नीट बसत नाही.

मग त्याला पक्ष्यांच्या लहान मेंदूत जे दिसलं, त्यानं सगळं उलटंपालटं केलं. एका पेशीचा तंतू दुसऱ्या पेशीपर्यंत जात होता, तिच्याभोवती टोपली विणावी तसा विळखा घालत होता आणि तिथेच संपत होता. तो तिच्यात शिरत नव्हता की विरघळत नव्हता. स्पर्श होत होता, पण जोड नव्हता.

म्हणजे मज्जासंस्था हे अखंड जाळं नव्हतं. प्रत्येक पेशी स्वतंत्र होती.

याचा फरक काय पडतो? खूप पडतो. जाळं अखंड असेल तर निरोप कुठूनही कुठेही पसरेल. पेशी सुट्या असतील तर निरोपाला वाट असते, वळणं असतात, आणि प्रत्येक सांध्यावर तो पुढे सोडायचा की थांबवायचा हे ठरू शकतं.

हे छापायचं कुठे? काहालनं मे १८८८ मध्ये स्वतःच्या खर्चानं स्वतःचंच एक त्रैमासिक काढलं. प्रती फक्त ६०. त्यातल्या बऱ्याचशा त्यानं परदेशातल्या नामवंत शास्त्रज्ञांना टपालानं पाठवल्या. उत्तर जवळपास कुणाचंच आलं नाही. एक तर मजकूर स्पॅनिश, त्यात लिहिणारा अनोळखी.

निरोप कुठून येतो, कुठे जातो

काहाल तिथेच थांबला नाही. सुट्या पेशी आहेत हे ठीक, पण निरोप त्यांच्यातून कुठल्या दिशेनं जातो?

न्यूरॉनचे तीन भाग असतात. मधे पेशीचं मुख्य अंग. त्याला झाडाच्या फांद्यांसारखे फुटलेले डेंड्राइट, ज्यांना पुस्तकात वृक्षिका म्हणतात. आणि एकच लांब शेपूट, म्हणजे अॅक्सॉन किंवा अक्षतंतू. पाठीच्या कण्यापासून पायाच्या दिशेनं जाणारा असा एखादा तंतू जवळपास मीटरभर लांब असू शकतो.

निरोप जाताना डोळ्यांनी दिसत नाही. काहालकडे तर मेलेल्या प्राण्याचे रंगवलेले काप होते. मग त्यानं असे अवयव निवडले जिथे निरोपाची दिशा आधीच माहीत आहे. डोळ्यात प्रकाश बाहेरून येतो आणि मेंदूकडे जातो. नाकातला वासही तसाच. तिथल्या पेशी त्यानं पाहिल्या तर वृक्षिका जिथून निरोप येतो त्या बाजूला होत्या आणि अक्षतंतू मेंदूच्या बाजूला.

एका ठिकाणी नाही, ठिकठिकाणी तेच. म्हणजे वृक्षिका निरोप घेतात, अक्षतंतू तो पुढे देतो. रहदारी एकेरी आहे. काहाल आपल्या चित्रांत छोटे बाण काढायला लागला. मज्जासंस्थेच्या आकृतीत आजही जे बाण दिसतात, त्यांची सुरुवात ही अशी झाली.

१८९० मध्ये त्यानं आणखी एक गोष्ट शोधली. वाढणाऱ्या अक्षतंतूच्या टोकाला एक फुगीर भाग असतो, जो चाचपडत, वाट काढत पुढे सरकतो. मेलेल्या पेशी पाहून त्यानं ही हालचाल ओळखली होती. पुढच्या काळात जिवंत पेशी पाहता आल्या, तेव्हा ती खरी निघाली.

बर्लिनची वारी

पत्रांना उत्तर येत नाही म्हटल्यावर काहालनं ठरवलं की आता स्वतःच जायचं. १८८९ च्या ऑक्टोबरमध्ये बर्लिनला जर्मन शरीरशास्त्रज्ञांची परिषद होती. साठवलेले पैसे खर्चून, काचपट्ट्या आणि झाइसचा मायक्रोस्कोप सोबत घेऊन तो तिथे पोहोचला.

जर्मन बोलता येत नव्हतं. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये तो एकेकाला पकडून आपल्या मायक्रोस्कोपपाशी आणत होता. स्पेनहून आलेला हा कोण माणूस, म्हणून लोक आधी थंडच होते. पण भिंगातून पाहिलं की चेहरे बदलायचे.

त्यात एक होते अल्बर्ट कोलिकर. तेव्हा सत्तरी ओलांडलेले, या विषयातले जगातले सर्वांत मानाचे शास्त्रज्ञ, आणि स्वतः अखंड जाळ्याच्या बाजूचे. त्यांनी पाहिलं, घरी जाऊन स्वतः प्रयोग करून पडताळलं आणि आपलं मत बदललं. एवढंच नाही, तर काहालचं लिखाण वाचता यावं म्हणून त्या वयात ते स्पॅनिश शिकले.

त्यानंतर चक्रं फिरली. १८९१ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म वाल्डेयर यांनी या सगळ्याचा आढावा घेणारा लेख लिहिला आणि त्या पेशीला न्यूरॉन हे नाव दिलं. गंमत अशी की नाव वाल्डेयरचं झालं आणि बराच काळ श्रेयही त्यांनाच मिळत राहिलं. १८९२ मध्ये काहाल माद्रिदला प्राध्यापक झाला. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला मानाचं व्याख्यान द्यायला बोलावलं. लंडनमध्ये त्याचा मुक्काम होता चार्ल्स शेरिंग्टन यांच्या घरी. याच शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये दोन न्यूरॉनमधल्या सांध्याला सिनॅप्स हे नाव दिलं.

एकाच मंचावर दोन शत्रू

१९०६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. ते दोघांना विभागून होतं. एक काहाल आणि दुसरा गॉल्जी.

ज्याच्या पद्धतीवर काहालनं आपलं सगळं काम उभं केलं, तो गॉल्जी. आणि ज्याचं मत काहालनं खोडून काढलं, तोही गॉल्जीच. दोघं स्टॉकहोममध्ये एकाच सोहळ्याला हजर होते.

११ डिसेंबरला गॉल्जीचं भाषण झालं. रिवाज असा की आपल्या शोधाबद्दल बोलायचं. गॉल्जीनं न्यूरॉनचा सिद्धांत चुकीचा आहे आणि तो आता मागे पडतोय असं सांगत अखंड जाळ्याचीच बाजू लावून धरली. समोर काहाल बसलेला. दुसऱ्या दिवशी काहाल बोलायला उभा राहिला. त्यानं गॉल्जीच्या पद्धतीचा मान राखला आणि मग एकेक पुरावा मांडत बरोबर उलटं चित्र उभं केलं.

रसायन तेच, काप तसेच, भिंगही तसंच. एकाला जाळं दिसलं, दुसऱ्याला सुट्या पेशी. गॉल्जी काही कच्चा माणूस नव्हता. पण जाळं आहे हे त्याच्या मनात आधीच पक्कं होतं, आणि धागे जिथे दिसेनासे होत तिथे त्यानं ते जोडलेले मानले. काहाल मात्र प्रत्येक धागा शेवटच्या टोकापर्यंत कागदावर काढायचा. कागदावर काढायचं म्हटलं की तो नेमका कुठे संपतो हे पाहावंच लागतं.

शेवटी खरं कोण ठरलं?

हा वाद पूर्ण मिटायला १९५० चं दशक उजाडलं. तोवर दोघंही गेले होते. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून सिनॅप्स पाहिला तेव्हा दोन न्यूरॉनमध्ये खरंच फट दिसली. साधारण २० नॅनोमीटरची. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले फक्त २०. काहालच्या मायक्रोस्कोपमधून ती दिसणं शक्यच नव्हतं. तरी ती असणार हे त्याच्या चित्रांनी सांगितलं होतं.

या फटीला आज फार महत्त्व आहे. बहुतेक ठिकाणी निरोप विजेच्या रूपात अक्षतंतूच्या टोकापर्यंत येतो, फटीपाशी रसायनाचं रूप घेतो आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा वीज होतो. नैराश्यावरची बरीचशी औषधं आणि पार्किन्सनच्या गोळ्या याच सांध्यांवर काम करतात. मज्जासंस्था अखंड जाळं असती तर औषधाला शिरायला अशी जागाच उरली नसती.

गॉल्जीच्या बाजूनंही थोडं सांगायला हवं. काही न्यूरॉन एकमेकांना सूक्ष्म नळ्यांनी थेट जोडलेले असतात आणि त्यांच्यात वीज सरळ जाते, हे पुढे सापडलं. पण ते अपवाद. मूळ रचना काहालनं सांगितली तीच.

काहालला आणखी एका गोष्टीनं सतावलं. हातापायातला तुटलेला मज्जातंतू हळूहळू पुन्हा वाढू शकतो. पण मोठ्या माणसाच्या मेंदूतला किंवा मज्जारज्जूतला तुटला की तो भरून येत नाही. त्यानं अनेक प्रयोग करून १९१३-१४ मध्ये यावर मोठा ग्रंथ काढला. हा नियम बदलता आला तर तो भविष्यातलं विज्ञानच बदलेल, अशी आशा त्यानं त्यात नोंदवून ठेवली. मणक्याला मार लागून पाय गेलेल्या रुग्णासाठी ते काम अजून चालूच आहे.

दुसरीकडे त्यानं असंही मांडलं होतं की सरावानं मेंदूतल्या पेशींमधले संबंध घट्ट होतात, नवे फुटतात. शिकताना सिनॅप्स बदलतात, हे आता प्रयोगांनी सिद्ध झालंय.

१७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी काहाल गेला. मागे पुस्तकं, शिष्य आणि जवळपास २,९०० चित्रं ठेवून. २०१७ मध्ये युनेस्कोनं त्याचा आणि त्याच्या शिष्यांचा हा ठेवा जागतिक स्मृतींच्या यादीत घेतला. त्यातली कितीतरी चित्रं आजही मेडिकलच्या पुस्तकांत छापली जातात.

आणि त्याच वर्षी अमेरिकेत त्याच्या चित्रांचं एक मोठं प्रदर्शन सुरू झालं. विज्ञान केंद्रात नाही, कला संग्रहालयात. गावच्या चर्चच्या भिंती रंगवणाऱ्या त्या कारागिराचं नाव आज कुणाच्या लक्षात नाही. पण ज्याच्या अंगात कला नाही असं त्यानं सांगितलं होतं, त्याची चित्रं बघायला लोक आले.